पाण्यावर तरंगलेल्या गिट्ट्या

सांगलीच्या गावभागात ज्यांचं घर आहे, त्यांचं सामान दर पुरानंतर थोडं थोडं वर सरकतं. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. २०२१ च्या जुलैत ते परत येऊन गेलं. माझा घरगुती धंदा आहे, भडंग आणि शेंगदाण्याची चटणी. दोन्ही वेळा पोती भिजली, मसाला फेकून द्यावा लागला. शेवटी गेल्या दिवाळीच्या महिनाभर आधी ठरवलं की आता खालच्या खोलीत डोक्याच्या उंचीवर तीन फळ्या ठोकायच्या आणि कच्चा माल तिथं चढवायचा.

ब्रॅकेट ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतले. ते आजही ठणठणीत आहेत. मी फसले ती भिंतीच्या आत जाणाऱ्या मालात: भोक पाडायची ड्रिलची बिटं, भोकात बसवून स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि अँकर बोल्ट.

दुकानाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर वेगळंच भांडण लागेल. दुकानदार बोलायला गोड. "वहिनी, विटेची भिंत ना? मग लोखंडाचं साधं बिट चालणार नाही. टोकाला टंगस्टन कार्बाइड पाहिजे." हे बरोबर. "गिट्टी नायलॉनची घ्या, साधं प्लास्टिक उन्हाळ्यात सैल पडतं." हेही बरोबर. "खोली ओलीची आहे, तर बोल्ट एसएस ३०४ चेच घ्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, साधे गंजतील." तेही बरोबरच. त्या माणसानं सांगितलेलं जवळजवळ सगळं खरं होतं, हातात दिलेला माल तेवढा खोटा होता. म्हणूनच मला शंका आली नाही. थापा मारणारा माणूस चुकीचं बोलत असणार, असं आपण धरून चालतो.

पाच बिटांची डबी, टोकं सोनेरी. डबीवर एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं नाव, फक्त त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडं, जे मला घरी आल्यावरसुद्धा दिसलं नाही. पन्नास गिट्ट्या, स्क्रू आणि सोळा अँकर बोल्ट. सगळे मिळून १,८५० रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल हवं तर १८ टक्के वर पडतील." म्हणजे ३३३ रुपये. मी ते वाचवले. पैसे फोनवरून दिले, ते दुकानाच्या नावावर न जाता कुणा भलत्याच माणसाच्या नावावर गेले. तेही वाचलं आणि सोडून दिलं.

भोकं पाडायला दिरांच्या ओळखीच्या वायरमनकडचा पोरगा आला. पहिल्या भोकातून आधी करडी भुकटी आली, गिलाव्याची, मग लाल. लाल म्हणजे विटेत शिरलं, असं त्यानं मला दाखवलं. दुसऱ्या भोकाला जळका वास सुटला आणि बिटाचं टोक निळं पडलं. त्यानं ते पाण्याच्या मगात बुडवलं, चर्र झालं. (खरं कार्बाइडचं टोकसुद्धा तापल्यावर असं बुडवलं तर तडकतं, हे नंतर कळलं.) चौथ्या भोकाला मशीन नुसतं किंचाळत होतं, भुकटी येईना. टोक बघितलं तर वापरून बोथट झालेल्या पेन्सिलीसारखं. मग त्यानं अंगाचा भार टाकून, मशीन हलवत हलवत बाकीची भोकं पाडली. साहजिकच ती आत अरुंद आणि तोंडाशी रुंद झाली. स्क्रू पिळला की गिट्टी जागेवर गोल फिरायची. तेव्हा आपल्याकडं काय करतात? भोकात काड्या ठासायला काडीपेटी शोधतात. ती मीच आणून दिली.

वरच्या फळीला, जिच्यावर तेलाचे डबे यायचे होते, अँकर बोल्ट लावले. पाना आवळता आवळता भिंतीतून कट्ट असा आवाज आला. पोरगा म्हणाला, "बसला बघा काकू." मलाही तो बसल्याचाच आवाज वाटला.

बाराव्या दिवशी पहाटे ती फळी आली खाली. येताना मधली घेऊन आली. पंधरा किलोचे दोन डबे, त्यातला एक फुटला. तेलात विटांचा चुरा, चुऱ्यात शेंगदाणे. माझी मुलगी संध्याकाळी त्याच फळीखाली बसून अभ्यास करते, त्याबद्दल लिहायला घेतलं तर पुढचं लिहून होणार नाही.

शेजारचे आबा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर होते. आवाज ऐकून तेच पहिले आले. मला वाटलं भिंत बघतील. त्यांनी बिट उचललं आणि म्हणाले, "कानस आण."

कानस घेऊन त्यांनी एका न वापरलेल्या बिटाच्या टोकावर दोन हात मारले. सोनेरी रंग गेला, खाली पांढरं लोखंड चकाकलं आणि कागदावर कीस पडला. मग घरून स्वतःचं जुनं बिट आणलं. त्याच्या टोकावर कानस नुसती घसरली, ओरखडासुद्धा नाही. कार्बाइड कानशीला दाद देत नाही, कारण ते कानशीपेक्षा कठीण असतं. जुन्या बिटात टोकाचा तुकडा वेगळा बसवलेला स्पष्ट दिसत होता, सांध्याला पितळेसारखी रेघ, आणि तो तुकडा दांड्यापेक्षा किंचित रुंद. माझ्या बिटांत तुकडा वगैरे काही नव्हतंच. एकच सळई, टोकाला घासलेली आणि रंगवलेली.

मग गिट्ट्या. आबांनी बादलीत मूठभर टाकल्या. सगळ्या तरंगल्या. नायलॉन पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन हलकी, ती तरंगतात. म्हणजे त्या गिट्ट्या कसल्यातरी भंगार प्लास्टिकच्या होत्या आणि नायलॉनचा भाव लावला होता. एवढी सोपी परीक्षा असते हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! (बुडली म्हणजे नायलॉनच, असं मात्र नाही. पीव्हीसीही बुडतं. पण तरंगली तर नक्की नाही.)

बोल्टांना लोहचुंबक लावलं, ते खटकन चिकटलं आणि ओढून काढावं लागलं. ३०४ ला चुंबक फारसं धरत नाही, घडवताना ताण बसलेल्या भागाला जराशी ओढ लागते इतकंच. इथं सरळ लोखंडावर चकचकीत मुलामा होता. दोन बोल्ट मिठाच्या पाण्यात ठेवले, तिसऱ्या दिवशी आटे तांबूस. आबांनी एक इशारा दिला तोही सांगते. स्टीलमध्ये २०२ नावाचा स्वस्त प्रकार येतो, त्यालाही चुंबक लागत नाही, पण ओलीत तो ३०४ इतका टिकत नाही. तेव्हा चुंबकानं सगळ्यात वाईट माल पकडता येतो, मधला सुटतो.

मी म्हटलं, "म्हणजे बोल्ट अस्सल असते तर फळी पडली नसती."

"अस्सल असते तरी पडली असती," आबा म्हणाले. "हा स्लॅबचा माल. आवळशील तसा तो फुगतो आणि बाजूला रेटतो. काँक्रीट तो रेटा सोसतं. तू जुन्या विटेच्या पोटात पाचर मारलीस." तो कट्ट आवाज वीट फुटल्याचा होता. वर आमच्या भिंतीला पुरानंतर केलेला इंचभर गिलावा. चाळीस मिलिमीटरच्या गिट्टीतले पंचवीस गिलाव्यातच संपले, विटेत शिरले ते पंधरा. गिलावा वजन धरत नाही. दुकानदारानं भिंत किती जाड, गिलावा किती, वजन किती, यातलं काहीच विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

उरलेला माल घेऊन दुकानात गेले. त्याचं पहिलं वाक्य, "वहिनी, तुमची भिंत पुरातली, लोणा धरलेली. त्याला आम्ही काय करणार?" पुन्हा अर्धं खरं! दुसरं वाक्य, "बिल दाखवा." मी काउंटरवरचा गिऱ्हाइकांचा पाण्याचा ग्लास घेतला, त्याच्याच नव्या पाकिटातली एक गिट्टी त्यात टाकली आणि गप्प उभी राहिले. ती तरंगत होती. मागं दोन प्लंबर उभे होते, ते वाकून बघायला लागले. "नायलॉन असंच असतं," दुकानदार म्हणाला. त्यावर एक प्लंबर हसला. मग मला आतल्या बाजूला बोलावून ८०० रुपये दिले. घेतले. कमीपणा वाटला, पण घेतले.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, फोनवरून पैसे दिल्याची नोंद आणि पाकिटांचे फोटो जोडून. पाकिटं नीट बघताना आणखी एक लक्षात आलं. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, किंमत नाही. बंद पाकिटावर हे सगळं छापणं वैधमापनशास्त्राच्या नियमांनी सक्तीचं आहे, आणि छापील किंमत सगळे कर धरूनच असते. म्हणजे "१८ टक्के वर पडतील" हे वाक्य ऐकताच मी पाकीट उलटं करून किंमत शोधायला हवी होती. तक्रारीचं पुढं काय होतंय ते अजून कळलेलं नाही.

फळ्या परत लागल्या, पण दोनच. आबांनी जुनी भोकं सोडून विटेच्या मधोमध नवीन पाडून घेतली, सांध्यात नाही आणि कडेलाही नाही. आधी सहाच्या बिटानं, मग दहाच्या, हात हलका ठेवून. दहा मिलिमीटर जाडीच्या लांब नायलॉन गिट्ट्या, गिलावा ओलांडून विटेत चांगल्या दोन इंच गेलेल्या. भोक गिट्टीपेक्षा सेंटिमीटरभर खोल ठेवलं आणि सायकलच्या पंपानं आतली भुकटी उडवली. ती भुकटी राहिली तर चांगली गिट्टीही नीट धरत नाही. पोरगा हे सगळं बघत होता, त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. तेलाचे डबे भिंतीवर चढवायला आबांनी साफ नकार दिला. त्यांच्यासाठी चार फुटांचं लोखंडी स्टँड केलं, पाय जमिनीवर. जास्त पाणी आलं तर डबे उचलावे लागतील, ते उचलू.

जुने बोल्ट पाच उरलेत. परवा दिरांनी ते पडद्याच्या दांडीसाठी मागितले, "पडद्याला काय वजन असतंय वहिनी?" म्हणाले. दिले नाहीत.