शिर्डी की खोपोली? पोरं मोठी झालेल्या नाशिककरांसाठी

भाचा दहावी संपवून बसलाय, लेक आठवीत. एकेकाळी फाळके स्मारकातलं कारंजं बघून खूश होणारी ही पोरं आता आधी मोबाइलवर राइडचे व्हिडिओ बघतात आणि मग कुठे जायचं ते आपल्याला सांगतात.

नाशिकहून खरी लढत दोघांतच: शिर्डीचं वेट एन जॉय हे वॉटर पार्क आणि खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क. गोराईचं एस्सेलवर्ल्ड बंद झालं. त्याच्या शेजारच्या वॉटर किंगडमला जायचं तर आख्खी मुंबई ओलांडा, वर बोटीने खाडी पार करा. इतका खटाटोप करायचा तर इमॅजिकाच काय वाईट? आणि गंमत म्हणजे ही लढतही आता घरातल्या घरातच आहे. संगमनेरच्या मालपाणी समूहाने २०२२ मध्ये इमॅजिका ताब्यात घेतलं, आणि शिर्डीचं पार्क तर मुळात त्यांचंच.

शिर्डी सिन्नरमार्गे नव्वदेक किलोमीटर. सकाळी पोहे खाऊन निघा, रात्री जेवायला घरी. इमॅजिका मात्र दोनशेच्या आसपास, वाटेत कसारा घाट. एका दिवसात जाऊन-येऊन करणारे आहेत, पण रात्री परतताना घाटात गाडी चालवणाऱ्याचा विचार कुणी करत नाही. तिथे जायचं तर मुक्काम धरूनच हिशोब मांडा.

आता मुद्द्याचं. चौदा-पंधराच्या पोरांना इमॅजिकात ओढून नेते ती नायट्रो ही रोलर कोस्टर. उंची ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर आणि पाच वेळा उलटंपालटं. पण खरी धडकी भरते ती त्याआधीच. तुम्ही बसता, पट्टे आवळले जातात आणि मग पायाखालची जमीनच खाली सरकते. पुढचा सगळा प्रवास पाय अधांतरी. रांगेच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. तिथे टाचा उंचावणारी पोरं तिथला माणूस रोजच बघत असतो, तेव्हा घरूनच भिंतीला उभं करून माप घेऊन जा. दारात हिरमुसलेलं पोर उरलेला दिवस खराब करतं.

नायट्रो नको असेल तर अंधारात धावणारी डीप स्पेस आहे, भुताटकीचं सलीमगढ आहे. राजासॉरसच्या पाण्यातल्या सफरीत डायनासोर भेटतात. हे नाव काल्पनिक नाही बरं का. राजासॉरसचे अवशेष खरोखर गुजरातेत सापडलेत. आमच्या भाच्याला हे ठाऊक होतं, मला नव्हतं. वॉटर पार्क आणि स्नो पार्क तिथेच असले तरी तिकिटं वेगळी, आणि थीम पार्कलाच दिवस पुरत नाही. मोह आवरा.

शिर्डीत काय? पाणी. उंच घसरगुंड्या, लाटांचा तलाव, भिजून सुरकुतलेली बोटं. पोरांची टोळी असेल तर धमाल. एकटंदुकटं मोठं पोर असेल तर तीन तासांत ‘चला ना आता’ सुरू. पण आजी बरोबर असेल तर शिर्डीला तोड नाही. तिचं दर्शन होतं, साईबाबांवरचं साईतीर्थ हे थीम पार्क बघून होतं आणि कुणी कुणासाठी ताटकळत नाही. इमॅजिकात आजीला नेणं म्हणजे तिला दिवसभर बाकावर बसवणं.

कपड्यांचं मात्र विसरू नका. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. मी एकदा कुठल्याशा वॉटर पार्कच्या दारात चौघांचे पोशाख भाड्याने घेतले. माझ्या विजारीची नाडी गायब होती. दिवसभर एका हाताने विजार धरून घसरगुंड्या केल्या.

तिकिटाचे दर तारखेनुसार बदलतात, म्हणून शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या टाळून आधीच ऑनलाइन काढा. पावसाळ्यात खोपोलीला जाऊ नका. तिकडचा पाऊस म्हणजे पाऊस, जोराची सर आली की उघड्यावरच्या राइड थांबतात.

माझं मत विचाराल तर पोर उंचीत बसतंय आणि उलटं व्हायला तयार आहे, तर इमॅजिका, एक रात्र धरून. तयार नसेल, किंवा घरातली तीन पिढ्यांची माणसं निघणार असतील, तर शिर्डी. आमच्याकडे दिवाळीनंतरचा मंगळवार ठरलाय, खोपोलीचा. नायट्रोत लेक आणि भाचा बसणार. मी खाली. चपला, चष्मे आणि मोबाइल सांभाळायला कुणीतरी लागतंच.