आपोआप फुगणारे जीवरक्षक जाकीट: दोन हंगामांच्या वापरानंतर

लहान होडीवर जाळे ओढणारा माणूस पाण्यात पडायला वादळच यावे लागते असे नाही. ओल्या फळीवरून पाय घसरतो, सुटत्या जाळ्याचा दोर घोट्याला वेढा घालतो किंवा अंधारात काठावरून वाकलेल्या माणसाचा तोल एका लाटेने जातो. आणि त्या क्षणी जाकीट होडीत असूनही अंगावर नसते. आमच्या होडीवर अनेक वर्षे हेच चालत आले होते. फोमची जाडजूड जाकिटे फळीखाली पडून असत, कारण ती घालून धड वाकता येत नसे, उन्हात जीव नकोसा होई आणि जाळ्याचे बोये त्यांच्या कडांना अडकत. म्हणून दोन हंगामांपूर्वी आम्ही चौघांसाठी आपोआप फुगणारी, १५० न्यूटन क्षमतेची जाकिटे घेतली. हे परीक्षण त्याच प्रकारच्या जाकिटाचे आहे.

न फुगलेल्या अवस्थेत हे जाकीट म्हणजे मानेमागून येऊन छातीवर उतरणारा एक अरुंद पट्टा असतो आणि त्याचे वजन जेमतेम किलोभर भरते. आत घडी घातलेली हवेची पिशवी, ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर आणि पाण्यात विरघळणारी एक गोळी असते. गोळी विरघळली की दाबून धरलेली स्प्रिंग सुटते, सुई सिलिंडरला भोक पाडते आणि साधारण सतरा लिटर वायू पिशवीत भरतो. १५० न्यूटन म्हणजे सुमारे १५ किलो वजन पेलण्याइतकी उचल होय. पाण्यातल्या माणसाला तरंगत ठेवायला त्याहून बरीच कमी उचल पुरते. उरलेली शक्ती शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणे वळवून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी असते. ५० न्यूटनचे साधन हे काम करत नाही. ते पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत हाकेच्या अंतरावर असलेल्या ठिकाणांसाठी आहे, हे विकत घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

कागदावरचे वाचून विश्वास ठेवायचा नाही असे आम्ही ठरवले होते, म्हणून किनाऱ्याजवळच्या संथ पाण्यात मी कामाच्या कपड्यांनिशी उडी मारली. डोके पाण्याखाली गेले, कानाशी ‘फस्स’ असा मोठा आवाज झाला आणि काही सेकंदांत पिवळी पिशवी मानेभोवती घट्ट उभी राहिली. पण मांड्यांमधून घ्यायचा पट्टा मी कंटाळा करून लावला नव्हता. त्यामुळे मी खाली लोंबकळत राहिलो आणि जाकीट वर सरकून थेट कानांपर्यंत आले. हनुवटी पिशवीच्या खाचेतून निसटू लागली आणि प्रत्येक लहान लाटेबरोबर तोंडात खारे पाणी जाऊ लागले. दोन्ही हातांनी जाकीट खाली ओढून धरले तेव्हाच श्वास घेता आला. नवा सिलिंडर आणि नवी गोळी बसवून, पट्टा नीट बांधून पुन्हा उडी मारली, तेव्हा त्याच पाण्यात मान मागे टेकवून, हात मोकळे ठेवून मी निवांत तरंगत होतो. दोन्ही वेळा जाकीट एकच होते, फरक त्या एका पट्ट्याचा होता. काही जाकिटांसोबत हा पट्टा येतच नाही; तो वेगळा घ्यावा लागला तरी घ्यावा.

वापराच्या दृष्टीने मी समाधानी आहे. पहिले आठ दिवस छातीवर काहीतरी असल्याची जाणीव होत होती, त्यानंतर ती गेली; आता घाटावरून होडीत पाय टाकण्यापूर्वीच जाकीट अंगावर चढते. आमच्यातले सर्वांत वयस्कर काका, ज्यांनी फोमचे जाकीट उभ्या आयुष्यात घातले नव्हते, तेही हे दिवसभर उतरवत नाहीत. मला या खरेदीतले सर्वांत मोलाचे हेच वाटते. एक पथ्य मात्र पाळावे लागते. रेनकोट नेहमी जाकिटाच्या आत असला पाहिजे. रेनकोटाखाली पिशवी फुगली तर ती छातीच दाबते.

आता तक्रारी. चारपैकी एका जाकिटातला सिलिंडर नव्या खोक्यातून काढला तेव्हाच सैल होता, बोटांनी दोन आटे फिरला. तसाच वापरला असता तर वायू पिशवीत न जाता बाहेर निसटला असता. विक्रेत्याकडे नेले तेव्हा ‘घट्ट करून घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. जीव ज्यावर टांगायचा त्या वस्तूबद्दल इतकी बेफिकिरी मला सहन झाली नाही. दुसरे म्हणजे, पावसाळी दमट हवेत बंद कप्प्यात ठेवलेले एक जाकीट रात्रीत आपोआप फुगले, कारण गोळीला ओल पुरेशी होते. सतत तुषार अंगावर घेणाऱ्यांनी म्हणून पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रणा असलेले जाकीट पाहावे. ते सुमारे १० सेंटीमीटर पाण्याखाली गेल्यावरच फुगते, पावसाने नाही. ते महाग पडते, पण वारंवार गोळ्या आणि सिलिंडर बदलण्याचा त्रास वाचतो.

देखभाल हा या जाकिटाचा खरा खर्च आहे. आम्ही महिन्यातून एकदा सिलिंडर काढून काट्यावर ठेवतो आणि त्यावर कोरलेल्या वजनाशी ताडून पाहतो, कारण गळालेला सिलिंडर डोळ्यांना भरलेल्यासारखाच दिसतो. गोळीवरची तारीख पाहतो. हंगामाच्या सुरुवातीला तोंडाने नळीतून हवा भरून जाकीट रात्रभर तसेच ठेवतो. सकाळी मऊ पडले असेल तर कुठेतरी गळ, माशाचा काटा किंवा सुरीचे टोक लागले आहे असे समजतो. गेल्या हंगामात असेच एक सुईएवढे भोक सापडले. फोमच्या जाकिटाला भोक पडून काही बिघडत नाही, ही त्याची बाजू मान्य केलीच पाहिजे. रोज गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढणेही आलेच, पण ते पुसून घ्यावे, यंत्रणेवर पाणी ओतू नये.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००७ सालच्या मासेमारीविषयक १८८ क्रमांकाच्या करारात खलाशांना संरक्षक साधने आणि प्रशिक्षण पुरवण्याची जबाबदारी बोटीच्या मालकावर टाकली आहे, परंतु ते कलम मुळात २४ मीटर किंवा त्याहून लांब आणि सामान्यतः तीन दिवसांपेक्षा अधिक काळ समुद्रात राहणाऱ्या बोटींसाठी आहे. पहाटे निघून दुपारी परतणाऱ्या लहान होड्यांना हे कलम लावायचे की नाही, ते त्या त्या देशाने ठरवायचे असते. त्यामुळे आमच्यासारख्यांना साधनही स्वतः निवडावे लागते आणि ते तपासायलाही स्वतःच शिकावे लागते. हे अन्यायाचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या होडीला वर बंद केबिन आहे, त्यांनी आत झोपताना किंवा इंजिन पाहताना आपोआप फुगणारे जाकीट घालू नये. केबिनमध्ये पाणी शिरले तर ते माणसाला छताशी दाबून धरते आणि दाराकडे बुडी मारता येत नाही. तिथे दोरी ओढून फुगणारे बरे. लहान मुले सोबत येत असतील किंवा दरमहा वजन-तपासणी कोणी करणार नसेल, तर फोमचेच घ्यावे. उघड्या होडीवर दिवसभर जाळ्याशी झटणाऱ्या मोठ्या माणसांसाठी मात्र मी हेच जाकीट पुन्हा घेईन, आणि या वेळी दुकानातच सिलिंडर हाताने फिरवून पाहीन व मांड्यांचा पट्टा आणि एक जादा सिलिंडर-गोळीचा संच घेतल्याशिवाय बाहेर पडणार नाही.