तारखेला फिर्यादीच नसेल तर: दर वेळी माफीचा अर्ज की मुखत्यार?

चेक बाउन्सची केस टाकली, सुरुवातीला प्रत्येक तारखेला गेलात आणि आता बदली, नोकरी, घरातलं आजारपण अशा कशामुळे तरी जाणं जमत नाहीये, त्यांच्यासाठी लिहितोय. माझी केस सांगलीला आणि मी कायमचा पुण्याला आलो. वकिलांनी दोन मार्ग सांगितले, प्रत्येक तारखेला हजेरी माफीचा अर्ज टाकायचा किंवा विश्वासातल्या माणसाला मुखत्यार करून (म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी देऊन) त्याला आपल्या वतीने कोर्टात उभं करायचं. मी आधी पहिला वापरला, मग दुसरा.

न गेल्याने नेमकं काय होतं ते आधी बघा. पोलिसांनी एफआयआर घेऊन चार्जशीट टाकलेल्या केसमध्ये फिर्यादी आला नाही तरी केस सरकारची असते, तो साक्षीदार असतो, त्याला समन्स जातं, नाहीच आला तर वॉरंट निघतं. चेक बाउन्सची केस (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८) म्हणजे खाजगी फिर्याद. तिथे पुकारा झाला आणि फिर्यादी नाही, तर जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम २५६ खाली आरोपी निर्दोष सुटू शकतो, आणि एकदा निर्दोष सुटला की त्याच चेकवर परत फिर्याद नाही. दिवाणी दावा गैरहजेरीत काढला गेला तर ३० दिवसांत त्याच कोर्टात अर्ज देऊन परत लावून घेता येतो, पण इथे मॅजिस्ट्रेटला स्वतःचा आदेश मागे घेताच येत नाही, सुप्रीम कोर्टाने हे १९८६ मध्येच सांगितलंय. मग उरतं अपील, तेही आधी परवानगी मागून हायकोर्टात, म्हणजे सांगलीकराला पूर्वी मुंबईच (ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं ते फार बरं झालं). २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चेकच्या केसमधल्या फिर्यादीला पीडित मानून अशी परवानगी न घेता अपील करायची सोय मोकळी केली, पण अपील जिंकलात तरी केस परत होती तिथेच येणार आणि मधला वेळ गेला तो गेलाच.

सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या बीएनएसएस कायद्याच्या कलम २७९ मध्ये आरोपीला सोडण्याआधी फिर्यादीला हजर व्हायला ३० दिवस द्यायचे असं आलंय. चांगला बदल आहे. पण १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असलेल्या केसेस जुन्याच कायद्याने चालतात, तेव्हा जुन्या केसवाल्यांनी या ३० दिवसांच्या भरवशावर राहू नये.

आता माफीचा अर्ज. खर्च जवळपास नाही आणि कायदा तसा आपल्या बाजूचा आहे, वकील हजर असेल किंवा त्या दिवशी फिर्यादीची गरजच नसेल तर कोर्ट हजेरी माफ करू शकतं, १९९७ च्या एसीसी सिमेंटच्या निकालातही सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आज फिर्यादी खरंच लागणार होता का हे मॅजिस्ट्रेटने आधी बघावं. आरोपीला समन्सच बजावलं जात नाहीये अशा स्टेजला हे छान चालतं. मला जे सहन होईना ते वेगळंच. माफी त्या एका तारखेपुरती असते. दर वेळी नवं कारण, समोरच्या वकिलाची हरकत, जज बदलले की "फिर्यादी कुठे आहे" इथून परत सुरुवात, आणि अर्ज मंजूर झाला की नाही हे संध्याकाळी वकिलांचा फोन येईपर्यंत कळत नाही, दिवसभर ईकोर्ट्सचं ॲप उघडून बघत बसायचं, कामात लक्ष नाही, जेवणात नाही. पैसे आपले अडकलेले, आणि आरोपी आला नाही तर वॉरंट निघून केस चालू राहते, आपण नाही गेलो तर केसच संपते. हा ताण मला नको झाला.

मग भावाला मुखत्यार केलं. स्टॅम्प पेपर, नोटरी, कोर्टात परवानगीचा अर्ज, एवढं एकदाच. त्यानंतर पुकाऱ्याला माणूस उभा असतो, रोजनाम्यावर (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) फिर्यादीतर्फे हजर लागतं आणि मी पुण्यात माझं काम करतो. अर्थात हे सगळ्यांना जमेलच असं नाही. २०१३ च्या नारायणन निकालात सुप्रीम कोर्टाने मुखत्याराला फिर्याद दाखल करायला आणि साक्ष द्यायला मुभा दिली, पण व्यवहार त्याला स्वतःला माहीत हवा आणि मुखत्यारामार्फत फिर्याद टाकताना ते फिर्यादीत स्पष्ट लिहिलेलं हवं. माझा भाऊ आमच्या दुकानाची बिलं, वसुली सगळं बघायचा म्हणून जमलं. नुसता रिकामा आहे म्हणून मेव्हण्याला पाठवलं तर उलटतपासात माल कधी दिला, चेक कोणासमोर दिला, या प्रश्नांवर तो अडकेल आणि केस कच्ची होईल.

तुमच्याकडे असा माहितगार माणूस नसेल, किंवा केस संपत आलीय आणि एखाददुसऱ्या तारखेचाच प्रश्न आहे, तर माफीचा अर्ज पुरे, माझं काही म्हणणं नाही. पण वर्षभर जाता येणार नाही हे दिसत असेल तर मी तरी मुखत्यारच करीन, आणि चुकलेल्या तारखा साठायच्या आत करीन. स्वतःची साक्ष द्यायची असेल तर सरतपासाचं (आपल्या बाजूने द्यायच्या जबाबाचं) ॲफिडेव्हिट चालतं, उलटतपासाला मात्र रजा काढून जाच. आणि मुखत्यारपत्र करताना पुढे दुसऱ्याला नेमायचा अधिकार त्यात लिहायचा का हे वकिलांना विचारून घ्या, ती ओळ नसेल तर तुमचा मुखत्यार आजारी पडल्यावर तो परस्पर दुसऱ्याला उभं करू शकत नाही.