चादर-टॉवेलच्या बिलिंगमध्ये अनलीश: नियम चांगले, पण कुठे लावायचे ते बघून

सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या ठोक व्यापाऱ्यांसाठी आम्ही ऑर्डर आणि बिलिंगचं वेब-ॲप चालवतो. गिऱ्हाईक चाटी गल्लीतलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं, थोडं बाहेरगावचं. नवी स्क्रीन एकदम सगळ्यांना उघडली की सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला फोन सुरू: "ताई, कालचं बटण कुठं गेलं? दिसंना झालंय." म्हणून अनलीश बसवलं. नवी गोष्ट कुणाला दिसेल ते ठरवणारे ‘फ्लॅग’, म्हणजे चालू-बंदची बटणं, सांभाळणारं हे सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, नोडवर चालतं, पोस्टग्रेस डेटाबेस लागतो, डॉकरमधून पटकन उभं राहतं. उभं राहिलं की आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. सुरुवातीचा पासवर्ड अख्ख्या जगाला माहीत आहे.

खरी किंमत वसूल होते ती नियमांत. एका फ्लॅगला कितीही स्ट्रॅटेजी (कुणासाठी चालू, याचे नियम) लावा, एक जरी जुळली तरी फ्लॅग चालू. एकाच स्ट्रॅटेजीतल्या अटी मात्र सगळ्याच्या सगळ्या जुळाव्या लागतात. बाहेर ‘किंवा’, आत ‘आणि’. पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी तेलुगू स्क्रीन काढली तेव्हा भाषा आणि पिनकोड या दोन अटी एकाच स्ट्रॅटेजीत ठेवल्या, आणि आमच्या टेस्टिंगच्या खात्यांसाठी वेगळी स्ट्रॅटेजी. कोडला हात लावावा लागला नाही.

पिनकोडवर ‘अमुक अक्षरांनी सुरू होणारा’ ही अट फार सोयीची. पण ४१३ टाकलं म्हणजे सोलापूर आलं असं समजू नका. लातूर ४१३५१२, धाराशिव ४१३५०१, इतकंच काय बारामतीसुद्धा ४१३१०२. शहरापुरतं हवं तर ४१३०० टाका. ‘यांपैकी नाही’ ही अटही जपून वापरायची. माणसाने लॉगिनच केलं नसेल आणि पिनकोड आलाच नसेल, तर ‘यांपैकी आहे’ नापास होते, ‘यांपैकी नाही’ मात्र खुशाल पास होते.

टक्क्याने हळूहळू उघडायचा पर्याय आम्ही सगळ्यात जास्त वापरतो. युजरआयडीवरून हॅश, म्हणजे ठरावीक गणिताने येणारा आकडा, काढून ठरतं, त्यामुळे ज्याला आज दिसलं त्याला उद्याही दिसतं. गोम एवढीच की एका दुकानात मालक, मुनीम आणि मालकाचा मुलगा अशी तीन लॉगिनं असतात. मालकाला नवी स्क्रीन आणि मुनीमजींना जुनी, की गल्ल्यावरच वाद. त्यामुळे आम्ही युजरआयडीच्या जागी दुकानाचा आयडी पाठवतो. अख्खं दुकान एकदम इकडे नाहीतर एकदम तिकडे.

आता तारखेची अट. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. टॉवेल-चादरीला नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ आणि त्यावर १२ टक्के होता, तो २५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८ झाला. ‘या तारखेनंतर’ असा नियम लावला की मध्यरात्री आपोआप बदल होतो, हे खरं. (यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, हिशेब ठेवा, आपले रात्रीचे बारा म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा.) तरी माझं मत ठाम आहे: कराचा दर फ्लॅगमध्ये ठेवू नये. ऑक्टोबरमध्ये कुणी ऑगस्टचं बिल दुरुस्त करायला उघडलं तर फ्लॅग आजची तारीख बघणार, आणि दर लागायला हवा बिलाच्या तारखेचा. दर डेटाबेसच्या तक्त्यात, बिलाच्या तारखेला बांधलेला. नवीन दराची सूचना देणारी पट्टी कधी दाखवायची, तेवढं खुशाल फ्लॅगवर सोडा. कुणाला काय दिसेल हे नियमाने ठरवा, हिशेब काय होईल ते नको.

नेट गेलं तर? सर्व्हरवरचं एसडीके (आपल्या ॲपमध्ये जोडलेला अनलीशचा तयार कोड) नियम स्वतःकडे उतरवून घेतं आणि निकाल तिथल्या तिथे लावतं. नोडच्या एसडीकेत दर १५ सेकंदांनी विचारणा होते. अनलीश बंद पडलं तरी शेवटचे नियम चालू राहतात, आणि व्यापाऱ्याची माहिती आपल्या सर्व्हरबाहेर जात नाही. मला हे सगळ्यात आवडलं.

फुकटच्या आवृत्तीत प्रोजेक्ट एकच, एन्व्हायर्न्मेंट (चाचणीचं आणि प्रत्यक्ष वापराचं) दोनच. नियम बदलण्याआधी दुसऱ्याची मंजुरी हवी तर पैसे मोजा. तीन-चार जणांच्या ऑफिसात आवाज देऊन भागतं. मोठ्या टीमला मात्र हे टोचेल.

रिलीज प्रकारच्या फ्लॅगचं आयुष्य ४० दिवस धरलेलं असतं, त्यानंतर तो शिळा झाल्याची खूण दिसते. ती दिसली की आधी कोडमधली तो फ्लॅग तपासणारी ‘इफ’ची अट काढून डिप्लॉय करा, मगच फ्लॅग आर्काइव्ह करा. उलटं केलंत तर एसडीकेला तो फ्लॅग सापडत नाही, न सापडलेला फ्लॅग ते बंदच धरतं, आणि जुनी स्क्रीन सगळ्यांसमोर परत हजर.