मिसूरी की कोलंबिया: 1866 साली आगबोटीत भांडवल घालणाऱ्यासाठी तुलना

अमेरिकेतील मोंटाना प्रदेशातल्या सोन्याच्या खाणींना माल पुरवण्यासाठी 1866 साली दोन जलमार्ग उपलब्ध होते. पूर्वेकडून सेंट लुइस येथून मिसूरी नदीने सुमारे 3,700 किलोमीटर वर चढून मोंटानातील फोर्ट बेंटन या बंदराला पोहोचता येत असे. पश्चिमेकडून ओरेगनमधील पोर्टलंडहून कोलंबिया नदीने वालुला या धक्क्यापर्यंत जाऊन पुढे डोंगरांतून जाणाऱ्या मुलन नावाच्या लष्करी रस्त्याने खेचरांवरून माल न्यावा लागे. दोन्ही मार्गांचे गिऱ्हाईक बरेचसे एकच होते, मात्र भांडवल बुडण्याची कारणे अगदी वेगळी होती आणि निर्णय त्यांवरच व्हायला हवा.

मिसूरीवरच्या धंद्यात कोणालाही उतरता येत असे, हे तिचे मोठे आकर्षण होते. फोर्ट बेंटनपर्यंतचे भाडे त्या सुमारास पौंडभर वजनाला 12 सेंटांच्या आसपास होते, म्हणजे 200 टन (टनाला 2,000 पौंड) मालाच्या एका फेरीत जवळजवळ 48,000 डॉलरचे भाडे जमा होऊ शकत होते. प्रवाशांचे पैसे त्याहून वेगळे. एकाच यशस्वी फेरीत बोटीची किंमत भरून निघण्याची शक्यता खरी होती आणि काही मालकांनी ती प्रत्यक्षात आणलीही.

परंतु हा सगळा हिशेब वर्षातल्या एका फेरीवर उभा होता. बर्फ वितळल्यावर येणारे पाणी जूनमध्ये चढते आणि उन्हाळा सरताना ओसरते. वर जाण्यासच दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागत असल्याने निघण्यास उशीर झाला की बोट वाटेतच अडकत असे. 1863 साली लाबार्ज, हार्कनेस अँड कंपनीची ‘श्रीव्हपोर्ट’ ही बोट पाणी कमी पडल्यामुळे फोर्ट बेंटनला पोहोचू शकली नाही, त्या हंगामातील माल वाटेतच उतरवावा लागला आणि कंपनी कोर्टकज्ज्यात सापडली. तेव्हा बोट शाबूत राहिली तरी मालक सुरक्षित राहतो, असे समजू नये. पाणी ओसरल्यास माल कोठे उतरवायचा, पुढील वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा आणि भाड्याचा किती भाग देय राहील, हे करारात आधीच लिहून घेतले पाहिजे.

त्याहून मोठा धोका पाण्याखाली रुतलेल्या झाडांचा होता. नदी काठ कापत जाते, झाडे पात्रात कोसळतात, गाळात बुडखा रुतून राहतो आणि गढूळ पाण्यात त्यांची टोके दिसत नाहीत. 1 एप्रिल 1865 रोजी ‘बर्ट्रांड’ ही खाणकऱ्यांसाठी सामान घेऊन निघालेली बोट ओमाहाच्या वर अशाच एका झाडावर आदळून काही मिनिटांत बुडाली. माणसे वाचली, भांडवल गेले. सैन्याचे अभियंते हायरम चिटेंडन यांनी 1897 साली मिसूरीवर बुडालेल्या 295 बोटींची यादी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश बोटी या झाडांमुळेच गेल्याचे दिसले. त्यामुळे बोट दहा-पंधरा वर्षे चालेल असे धरून घसारा काढणे ही माझ्या मते आत्मवंचना आहे. पहिल्या दोन-तीन हंगामांत मुद्दल वसूल होत नसेल, तर बेत सोडावा. विम्याचा भारी हप्ता, वाट जाणणाऱ्या पायलटांचे चढे पगार आणि रोज जळणारा लाकडाचा ढीग हे खर्च यात धरलेच पाहिजेत.

कोलंबियावर धोका पाण्यापेक्षा जमिनीत होता. कॅस्केड्स येथे आणि द डॅल्सपासून सेलिलोपर्यंत धबधबे व खळाळ असल्याने माल उतरवून काठाने न्यावा लागे. 1860 मध्ये जॉन एन्सवर्थ व सहकाऱ्यांनी उभारलेल्या ओरेगन स्टीम नेव्हिगेशन कंपनीने 1863 पर्यंत दोन्ही ठिकाणी स्वतःचे लोहमार्ग चालू केले होते. उत्तम बोट बांधूनही नव्या मालकाला आपला माल प्रतिस्पर्ध्याच्याच रुळांवरून, त्याने ठरवलेल्या दराने न्यावा लागणार होता. येथे स्वतंत्र बोट घालणे मला मिसूरीपेक्षाही अविचाराचे वाटते. त्याच कंपनीचे शेअर मिळाले तर मात्र गोष्ट वेगळी, कारण रेल्वेचे भांडवलदार हेन्री व्हिलार्ड यांनी 1879 साली ती कंपनी घेतली तेव्हा तिची किंमत लाखो डॉलरांत गेली होती.

रेल्वेचे सावट दोन्हीकडे आहे, परंतु मिसूरीवर ते लवकर पडते. 10 मे 1869 रोजी युटातील प्रोमॉन्टरी येथे पूर्व व पश्चिमेकडून आलेल्या रेल्वेचे रूळ जोडले गेले आणि मोंटानाचा माल युटातील कोरीनहून बैलगाड्यांनी येऊ लागला. 1887 मध्ये रेल्वे खुद्द फोर्ट बेंटनला पोहोचली.

म्हणून ज्याच्याकडे एकाच बोटीपुरते भांडवल आहे, त्याने कर्ज काढून संपूर्ण बोट घेण्याऐवजी मिसूरीवरच्या दोन-तीन बोटींत विम्यासह लहान हिस्से घ्यावेत, उथळ पाण्यात चालणाऱ्या, मागे चाक असलेल्या बोटींना पसंती द्यावी आणि पहिल्या चांगल्या हंगामाचा नफा नव्या बोटीत न गुंतवता बाहेर काढावा.