दुसऱ्या पीएचडीचं टायपिंग-बाइंडिंग: दुकान चांगलंय, पण प्रूफ स्वतः वाचा

रिटायर झाल्यावर दुसरी पीएचडी करतेय, पहिली मराठी साहित्यात, आता भाषाविज्ञानात. (घरचे म्हणतात आता कुठलं प्रमोशन मिळणारे, असो.) विद्यापीठाजवळच्या गल्लीतल्या दुकानात थीसिस दिला होता त्याचा हा रिव्ह्यू. पहिल्या वेळी टाइपरायटर आणि कार्बन कॉपी, एक ओळ बदलली की अख्खं पान परत, त्यामानाने आता स्वर्गच.

दुकानातला मुलगा हुशार आहे. माझी जुनी प्रकरणं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती, ती त्याने युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांत) करून दिली, नाहीतर सिमिलॅरिटी चेकला, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का ते तपासायला, सॉफ्टवेअर ते वाचणार कसं? यूजीसीच्या 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यामुळे ते नीट मोजलं गेलेलं बरं. पण कन्व्हर्ट करताना 'ऱ्या' सगळीकडे फुटला, 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' सगळं विचित्र, आणि तळटीपांचे नंबर पण सरकले. सांगितलं तर म्हणाला "मॅडम, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे". अरे पण बघून द्यायचं ना! दुरुस्त करून दिलं, एक्स्ट्रा पैसे मात्र लावले, ते पटलं नाही.

बाइंडिंग झकास. रेक्झिन जाड, सोनेरी अक्षरं ठसठशीत, पानं मधे दाबली जात नाहीत.

5 पैकी साडेतीन. यूजीसीच्या 2022 च्या नियमाप्रमाणे पीएचडीला प्रवेश घेतल्यापासून 6 वर्षं मिळतात म्हणून निवांत राहू नका, सबमिशनच्या सीझनला तिथे उभं राहायला जागा नसते, आधीच जा आणि पेनड्राइव्ह व्हायरससाठी स्कॅन करूनच घरच्या लॅपटॉपला लावा.