डेस्कटॉपला वायफाय: नखाएवढा डोंगल, अँटेनाचा डोंगल की आतलं कार्ड?

घरात फायबर आलं. नेटवाल्यानं राउटर त्याच्या सोयीनं दाराजवळ ठोकला आणि कॉम्प्युटर राहिला आतल्या खोलीत. मोबाइल चालतात, टीव्ही चालतो, डेस्कटॉपला मात्र वायफायच नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतून पार्ट निवडून जोडून घेतलेल्या पुष्कळ मशीनची हीच गत असते. बजेटातल्या मदरबोर्डला लॅनचं, म्हणजे नेटच्या केबलचं पोर्ट असतं, वायफाय नसतं. मग दुकानात काउंटरवर तीन वस्तू मांडल्या जातात: नखाएवढा यूएसबी डोंगल, उभ्या अँटेनाचा यूएसबी डोंगल आणि कॅबिनेट उघडून आत बसवायचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड. "ह्यो सहाशेचा हाय बघा, रेंज लई भारी," म्हणत पहिला पुढं सरकतो. सहाशे ही किंमत नसते, वेग असतो. आणि तोही वाटतो तसा नसतो.

खोक्यावरचा आकडा

वायफायचे राउटर सहसा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात: ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. 'एसी६००' म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर ४३३ आणि २.४ गिगाहर्ट्झवर २०० एमबीपीएस, यांची बेरीज करून गोल केलेला आकडा. 'एसी१३००' म्हणजे ८६७ अधिक ४००. पण असा डोंगल एका वेळी एकाच बँडवर जोडलेला असतो, त्यामुळं ही बेरीज तुमच्या पदरात कधीच पडत नाही. शिवाय ४३३ हा हवेतल्या जोडणीचा वेग. प्रत्यक्ष डाउनलोडला त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागला तर चांगलं चाललंय म्हणायचं. तेवढंही पुरतं, कारण बहुतेक घरांतले प्लॅन शंभरच्या आसपासचे असतात. प्लॅन तीनशेचा असेल किंवा घरातल्या घरात मोठ्या व्हिडिओ फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर टाकायच्या असतील, तरच तेराशेवाल्याचे जादा पैसे वसूल होतात.

चार-पाचशेत मिळणारा 'एन१५०' तर घेऊच नका. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्या बँडमध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत घराला घर चिकटलेलं, मोबाइलवर यादी उघडली की शेजारपाजाऱ्यांची डझनभर नेटवर्क दिसतात आणि ती सगळी त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीनं बसलेली. संध्याकाळी सगळे घरी आले की नेट रांगतं आणि शिव्या नेटवाल्याला बसतात. असा डोंगल लावल्यावर राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत दिसत नाही, तेव्हा तो बिघडलेला आहे असं समजून लोक दुकानात परत घेऊन जातात. बिघडलेला नसतो, त्याला ते दिसायची सोयच नसते.

आकड्यावर जाऊ नये याचं सोपं उदाहरण टीपी-लिंकच्या दोन डोंगलमध्ये आहे. आर्चर टी२यू नॅनो आणि आर्चर टी२यू प्लस. दोन्ही एसी६००, दोन्ही यूएसबी २.०, खोक्यावरचा वेग तोच. फरक एवढाच की प्लसला वळवता येणारी मोठी अँटेना आहे. किमतीतला फरक सहसा दोन-तीनशेचा. राउटर त्याच खोलीत असेल तर दोघांत काही कळणार नाही. मध्ये भिंत आली की कळतं.

भिंत कसली आहे?

निवड खरी इथं होते. जुन्या पेठांतल्या घरांच्या दगडी किंवा पांढऱ्या मातीच्या दीड-दोन फुटी भिंती ५ गिगाहर्ट्झला जवळजवळ बंद दरवाजाच असतात. सोप्यात राउटर आणि माजघराच्या पलीकडं कॉम्प्युटर असेल तर मध्ये अशा दोन भिंती. पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली की रेंज आणखी उतरते, कारण पाणी या लहरी शोषतं. ताराबाई पार्क, नागाळा पार्ककडच्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंती पातळ, त्यातून लहर जाते. तिथं आडवा येतो तो स्लॅब, बीम आणि लोखंडी कपाट. गुजरीतल्या अरुंद आणि खोल दुकानांत तिजोरीमागं बिलिंगचं मशीन ठेवतात, तिथंही तेच. उद्यमनगरात पत्र्याचं शेड आणि पत्र्याचीच केबिन असली तर तिथलं गणितच वेगळं, त्याबद्दल पुढं.

खरेदीआधी एक काम करा, फुकटातलं. मोबाइल घेऊन कॉम्प्युटर असेल तिथं जा. हातात उंच धरू नका. कॅबिनेटच्या मागं, टेबलाखाली, जिथं डोंगल येणार त्या उंचीला धरा. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क जोडून स्पीड टेस्ट करा, मग २.४ वर करा. दोन्ही बँडना राउटरनं एकच नाव दिलं असेल तर सेटिंगमध्ये तात्पुरती वेगळी नावं द्या. ५ वर चांगला वेग मिळाला तर तुम्हाला कुठलाही ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही बँड पकडणारा डोंगल चालेल. कसाबसा मिळाला तर अँटेनाचा डोंगल किंवा कार्ड. दोन्हीवर मोबाइलनंच मान टाकली तर डोंगल किंवा कार्डावर पैसे घालू नका. आधी राउटर हलवा.

नॅनोच्या, म्हणजे नखाएवढ्या डोंगलच्या बाजूनं एवढंच बोलता येतं की तो स्वस्त आहे, लॅपटॉपला लावून पिशवीत टाकला तरी मोडत नाही. पण त्यातली अँटेना नखाएवढीच. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात घातला की एका बाजूला पत्र्याचं कॅबिनेट, दुसऱ्या बाजूला भिंत. मोठं डाउनलोड लावलं की तापतो, आणि तापलेला डोंगल मध्येच नेट सोडतो. त्यात यूएसबी ३.० चा एक उपद्रव आहे, जो दुकानात कोणी सांगत नाही: ३.० चं पोर्ट आणि त्यावरची हार्ड डिस्क चालू असताना नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. शेजारच्याच पोर्टात डोंगल असेल तर रेंज पडते. इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून मांडलं होतं. उपाय साधा आहे. मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर, शक्यतो राउटरच्या बाजूला ठेवा. शंभर-दीडशेची ही वायर सहाशेचा तेराशे करण्यापेक्षा जास्त काम करते. अँटेनाच्या डोंगललाही ती लावाच. नाहीतर वजनानं तो पोर्टात लोंबतो आणि पोर्ट ढिलं होतं.

पीसीआय एक्सप्रेस कार्ड हा माझ्या मते घरच्या, जागचं न हलणाऱ्या डेस्कटॉपसाठी सगळ्यात शांत पर्याय. एकदा बसवलं की विसरून जायचं. वायफाय ६ (एसीच्या पुढची पिढी) आणि ब्लूटूथ दोन्ही देणारी कार्डं साधारण अडीच ते चार हजारांत येतात. भाव हलत असतात, पण डोंगलच्या तिप्पट धरून चाला. घेताना अँटेना कशी आहे ते बघा. कार्डाच्या मागं थेट स्क्रू होणाऱ्या दांड्या असतील तर त्या पुन्हा कॅबिनेट आणि भिंतीच्या सापटीतच अडकणार. वायर आणि चुंबकाचा तळ असलेली अँटेना मिळते ती घ्या, ती टेबलावर येते. हे नसेल तर हजाराचा अँटेना डोंगल वायरवर ठेवून कार्डापेक्षा बरा निकाल देतो, आणि मग जास्तीचे दोन हजार कशाला?

अजून एक जात आहे: एम.२ कार्ड, लॅपटॉपच्या आत असतं ते. काही नव्या मदरबोर्डवर त्याची छोटी खाच असते. एसएसडीची एम.२ खाच वेगळी, त्यात हे बसत नाही. इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घेतलंत तर ते एएमडी प्रोसेसरच्या मशीनवरही चालतं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ मात्र ठरावीक पिढ्यांच्या इंटेल मशीनवरच. शेवटचा अंक बघायचा, एक असेल तर हात आखडा.

जुनं विंडोज असेल तर

मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीत अजून जुन्या अकाउंटिंगचं विंडोज ७ चं मशीन जपून ठेवलेलं सापडतं. त्याला नवं वायफाय ६ चं कार्ड घेऊ नका; इंटेल या कार्डांना विंडोज ७ चे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, देतच नाही. जुने एसी डोंगल चालतात, पण खोक्यावर विंडोज ७ लिहिलेलं वाचून घ्या. मायक्रोसॉफ्टनं ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला आणि १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. हिशेबाचं मशीन नेटला जोडायचंच कशाला, हाही प्रश्न विचारून बघा. जोडायचंच असेल तर माझी पसंती घरात पडलेल्या जुन्या राउटरला. पुष्कळ राउटरांत क्लायंट किंवा रिपीटर मोड असतो. तो राउटर वायफाय पकडतो आणि लॅनच्या छोट्या वायरनं कॉम्प्युटरला देतो. विंडोजला वाटतं, केबलच आली. ड्रायव्हरचा प्रश्नच मिटतो.

उद्यमनगरच्या पत्र्याच्या शेडमध्येही मी हेच सुचवेन. राउटर केबिनच्या खिडकीत ठेवता येतो, डोंगल ठेवता येत नाही. तिथं सरळ केबल का ओढू नये? आतल्या आत असेल तर जरूर ओढा. शंभर मीटरपर्यंत लॅन केबल कुठल्याही वायफायपेक्षा भरवशाची. पण शेडपासून ऑफिसपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल नेली की मे महिन्यातला वळीव आठवायचा. जवळपास वीज पडली तरी लांब वायरीत झटका येतो आणि लॅनचं पोर्ट, कधी अख्खा मदरबोर्ड जातो. दोन इमारतींमध्ये वायफाय किंवा फायबरच बरं.

लिनक्सवाल्यांनी खोक्यापेक्षा आतली चिप बघावी. इंटेल एएक्स२१० चा ड्रायव्हर कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ५.१० आवृत्तीपासून आणि मीडियाटेक एमटी७६१२यू चा ४.१९ पासून कर्नेलमध्येच आहे. रिअलटेकच्या अनेक यूएसबी चिपांना वर्षानुवर्षं बाहेरून ड्रायव्हर बांधावा लागत असे, आणि कर्नेल बदलला की पुन्हा बसा.

बसवताना

यूएसबीत बसवण्यासारखं काही नाही, गोम ड्रायव्हरची. विंडोज ११ बऱ्याचदा आपणच ओळखतं. नाही ओळखलं तर नेटशिवाय ड्रायव्हर उतरवायचा कसा, आणि खोक्यातल्या सीडीला ड्राइव्हच नाही! मोबाइल चार्जिंगच्या वायरनं कॉम्प्युटरला जोडा आणि अँड्रॉइडमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट कॉम्प्युटरला मिळतं, डेटा पॅक खर्च होत नाही. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या आणि डोंगलवर छापलेली आवृत्ती जुळवून बघा, कारण एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत कधीकधी चिपच वेगळी असते. काही डोंगल लावल्यावर आधी पेन ड्राइव्हसारखे दिसतात. घाबरू नका, ड्रायव्हर त्याच्या पोटातच असतो, तो चालवला की डोंगल खऱ्या रूपात येतो.

कार्ड बसवताना मशीन बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत हात घाला. सगळ्यात आखूड पीसीआय एक्सप्रेस खाच त्याची. छोट्या बोर्डावर ती एकच असते आणि जाड ग्राफिक्स कार्डाखाली झाकली जाते, म्हणून हे खरेदीआधीच बघून ठेवा. ब्लूटूथसाठी कार्डातून एक बारीक वायर निघते, ती मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जागेत लावायची असते. ती विसरली की वायफाय चालतं आणि ब्लूटूथ दिसतच नाही. दुकानाच्या वॉरंटीचं सील कॅबिनेटवर असेल तर त्यांच्याकडूनच बसवून घ्या.

जुना डोंगल पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नसेल तर राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर आहे का बघा. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवलं की सुटतं. थोड्या थोड्या वेळानं नेट जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरच्या (विंडोज डोंगल आणि कार्डाला हेच नाव देतं) पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या, अशा अर्थाची टिकखूण काढा.

जोडल्यावर विंडोजच्या वायफाय प्रॉपर्टीजमध्ये नेटवर्क बँड आणि लिंक स्पीड (हवेतल्या जोडणीचा वेग) वाचा. बँड २.४ दिसला आणि मोबाइलवर त्याच जागी ५ चालत होता, तर ॲडॉप्टरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ५ ला प्राधान्य द्या. तरीही लिंक स्पीड शंभराच्या खालीच राहिला तर डोंगल वायरवर घेऊन जागा बदलून बघा. आणि हे सगळं बदलून देण्याची मुदत आहे तोवर करा. कोपऱ्यावरच्या दुकानात ती ऑनलाइनपेक्षा बरीच कमी असते, बिल घेतानाच विचारून ठेवा.